जुन्या लॅपटॉपवर ३२-बिट, ६४-बिट की आर्म?

ठाण्यात किंवा वाशीत सेकंडहँड लॅपटॉप घेतलात, तर आयएसओ (सिस्टिम इन्स्टॉल करण्याची फाइल) डाउनलोड करण्याआधी प्रोसेसर ३२-बिट, ६४-बिट (एका वेळी ३२ की ६४ बिटांचा डेटा हाताळणारा) की आर्म या वेगळ्या रचनेचा, ते तपासा. आत आधीपासून असलेल्या सिस्टिमवरून अंदाज बांधू नका. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज टाकलेली मशीन अजूनही मिळतात.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जाऊन ‘सिस्टिम टाइप’ वाचा. ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ दिसलं की मशीन ६४-बिट, मग त्याच ओळीत सिस्टिम ३२-बिट का म्हटलेली असेना. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) ही कमांड चालवून ‘सीपीयू ऑप-मोड’ पाहा. युनेम (uname) ही कमांड फक्त चालू कर्नलबद्दल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबद्दल सांगते, प्रोसेसरबद्दल नाही.

६४-बिट इंटेललाही ‘एएमडी६४’ नावाचीच फाइल लागते; ही ६४-बिट रचना २००३ मध्ये एएमडीने आधी बाजारात आणली, एवढंच. ‘आर्म६४’ फाइल स्नॅपड्रॅगन या आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपसाठी, शिवाय एम१ किंवा त्यानंतरच्या चिपच्या मॅकवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी (मॅकच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकासाठी). स्नॅपड्रॅगनवर लिनक्स टाकायचं असेल तर नेमक्या मॉडेलला सपोर्ट आहे का, ते आधी बघाच.

रॅम २ जीबी आहे म्हणून ३२-बिटकडे वळू नका. ६४-बिटच घ्या, लिनक्स टाकत असाल तर डेस्कटॉप मात्र एक्सएफसीईसारखा हलका ठेवा. विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही आणि डेबियन या लिनक्सच्या १३व्या आवृत्तीने ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर बंद केला.

खरी अडचण येते ती इंटेल अ‍ॅटम बे ट्रेल प्रोसेसरच्या छोट्या लॅपटॉप-टॅबलेटवर. प्रोसेसर ६४-बिट, पण त्यातल्या बऱ्याच मशीनचं यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) ३२-बिट. पेनड्राइव्ह बरोबर बनवलेला असूनही बूट मेनूत दिसत नाही, कारण फर्मवेअर ‘बूटआयए३२.ईएफआय’ शोधतं आणि अनेक ६४-बिट आयएसओंमध्ये फक्त ‘बूटएक्स६४.ईएफआय’ असते. पेनड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’मधलं ‘बूट’ फोल्डर उघडून खात्री करा. डेबियन १२ पासूनच्या एएमडी६४ इन्स्टॉलरमध्ये दोन्हींची सोय आहे, त्यामुळे अशा मशीनवर सरळ तोच वापरावा.

एपीएमसीतल्या गाळ्यावर डॉसच्या काळातला बिलिंग प्रोग्रॅम चालू असेल तर घाई नको. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, प्रिंटरचा ३२-बिट ड्रायव्हरही घेत नाही. प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये (डॉसचे प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट चालतो का आणि प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे दुसऱ्या मशीनवर पाहून घ्या. ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही. क्लीन इन्स्टॉलच, म्हणजे जुनी सिस्टिम काढून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. म्हणून आधी सगळ्या डेटाचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसरीकडे उघडून बघा.