मी लिहिलेलं आत्ता कुठे आहे?

आईला कॉम्प्युटर शिकवायला बसले तेव्हा तिने पत्राच्या चार ओळी टाइप केल्या आणि विचारलं, "हे आत्ता कुठे आहे गं?" पत्र पडद्यावर होतं, सेव्ह मात्र केलेलं नव्हतं. म्हणजे ते फक्त रॅममध्ये, कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत होतं, आणि वीज गेली की रॅम कोरी. सुरुवात याच प्रश्नापासून करावी असं मला मनापासून वाटतं.

नवं पान उघडलं की लिहायच्या आधीच कंट्रोल दाबून धरा आणि एस दाबा. कॉम्प्युटर नाव आणि फोल्डर विचारेल. 'पत्र १' असं नाव देऊ नका, महिन्याभराने काही कळत नाही. '२०२५-०३-१४ वीजबिल तक्रार' असं द्या. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेनेही लागते. पुढे दर परिच्छेदाला कंट्रोल-एस. तेवढ्याने मजकूर रॅममधून डिस्कवर उतरतो, आणि तिथे तो विजेशिवायही राहतो.

पूर्वी एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर अनेकजण आपापल्या टर्मिनलवरून, म्हणजे त्याला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवरून काम करायचे. पर्सनल कॉम्प्युटर म्हणजे एका माणसाच्या हाताखालचा. आयबीएम या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट १९८१मध्ये आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' आणला, तेव्हा सर्वांत साध्या मॉडेलला १६ किलोबाइट मेमरी होती. आज ८ गिगाबाइट, म्हणजे पाच लाख पटींहून जास्त, साध्या लॅपटॉपलाही असते. जपणूक मात्र अजून आपल्याच हातात आहे.

मशीन अडखळायला लागलं तर विंडोजमध्ये 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

मराठी कीबोर्ड जोडून घेतला असेल, तर विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. आईला सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला.

आठवड्यातून एकदा महत्त्वाची फोल्डरं पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथली एखादी फाइल उघडून बघा. पेनड्राइव्ह ओढून काढू नका, आधी 'इजेक्ट' करा, म्हणजे तो काढतोय हे कॉम्प्युटरला कळवा. कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसली तरी शेवटचा तुकडा अजून मेमरीतच असू शकतो.