कुणी 'एक भारी पिक्चर सांग ना' म्हणालं तर काय सांगायचं

आपल्यासारख्या पिक्चरवेड्याला कुणी असं विचारलं की आपण लगेच आपले लाडके आठ-दहा पिक्चर त्याच्या अंगावर ओततो आणि तो बिचारा त्यातला एकही बघत नाही. तर आधी ती यादी गिळा आणि त्यालाच विचारा, बाबा शेवटचा अर्धवट सोडलेला पिक्चर कोणता आणि का सोडलास? आवडता कोणता ते विचारून फार काही हाती लागत नाही, तिथे लोक जरा शाईन मारतात. सोडला का याचं उत्तर मात्र खरं येतं.

'झोप आली' म्हणाला तर त्याला जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन समुराई' (१९५४) सांगू नका, कितीही जबरदस्त असला तरी २०७ मिनिटांचा आहे. त्याच कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) दीड तासाच्या आत आटपतो, एकच घटना आणि तिच्या चार जणांनी सांगितलेल्या चार तऱ्हा, संपल्यावर तो आपणहून वाद घालायला येणार की मग खरं बोलतंय कोण. एवढी गोडी लागली की समुराई काढायचे.

सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर माजिद मजीदीचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७). बहीणभावात मिळून बुटांचा एकच जोड, तिची शाळा सकाळची, याची दुपारची, मग ती जीव खाऊन पळत येते, गल्लीत बूट बदलतात आणि हा पळत सुटतो. यात वाचायला आहेच काय, सगळं त्या पोरांच्या चेहऱ्यावर दिसतं.

'काहीच घडत नव्हतं यार' वाल्यांसाठी माझा हुकमी एक्का म्हणजे सिडनी ल्युमेटचा '१२ अँग्री मेन' (१९५७). बारा ज्युरर (म्हणजे कोर्टात आरोपी दोषी की नाही ते ठरवणारी साधी माणसं), एक खोली, नुसती बडबड, आणि तरी ९६ मिनिटं जागचं हलवत नाही. (हिंदीच हवा असेल तर बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' आहे, याच्यावरूनच केलेला.) यातली गंमत अशी की सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेपेक्षा वर असतो, मग नजरेच्या लेव्हलला येतो आणि शेवटी शेवटी त्याच्याही खाली जातो, त्यात लेन्सही बदलत नेल्यात, त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात, शेवटाकडे छत पण दिसायला लागतं, आणि आपल्याला घुसमट होतेय एवढंच कळतं, का होतेय ते कळत नाही. पण हे त्याला आधी सांगायचं नाही हं! आधी सांगितलं की तो पिक्चर सोडून छतच शोधत बसतो.

तसंच 'शेवट बघ, हादरशील' हेही नको. ट्विस्ट आहे एवढं सांगणं हाच अर्धा स्पॉयलर झाला, पहिल्या सीनपासून माणूस डिटेक्टिव्हगिरी करतो.

सांगताना एकच सांगा, फार तर दोन वाक्यांत. बरोबर बसून बघत असाल तर दर पाच मिनिटांनी त्याच्या तोंडाकडे बघून 'कसा वाटतोय?' करू नका, कृपा करा. नाही आवडला तर 'तुला कळलाच नाही' हे तर अजिबातच नको, का नाही आवडला ते ऐकून ठेवा, पुढचा त्यावरूनच ठरणार आहे. आणि आठवडाभराने 'बघितलास का?' एकदाच विचारायचं. नाही म्हणाला तर त्याच पिक्चरचा धोशा लावू नका, दुसरा सांगा, आणि तोही आखूडच.