काचेचं कौल तडकलं असेल तर

कौलारू घरात उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल तडकलं असेल, तर ते मृगाच्या आधीच बदलून घ्या. चिरेवर एम-सील फासून भागवू नका. उन्हात तापलेली काच सरीने एकदम गार होते आणि चीर वाढत जाते. त्याखाली पाळणा किंवा अंथरूण असेल, तर ते आजच हलवा.

नवं कौल आणायला जाताना छपरावरचं एक मातीचं कौल सोबत न्या. मंगळुरी कौलांचं माप आणि खाचा कारखान्यागणिक थोड्या वेगळ्या असतात. खाच बसली नाही तर नवी काचही गळणारच. बदलताना वरच्या ओळीतली आणि शेजारची कौलं किंचित उचलून तडकलेलं काढायचं. खाली छत नसेल तर हे काम आतून, शिडीवरूनही होतं, आणि माझ्या मते तेच बरं. हातमोजे मात्र हवेतच.

पत्र्याच्या छपरातला फायबरचा पारदर्शक पत्रा जुना होऊन पिवळा पडला असेल, तर तो ठिसूळ झाला असं समजा. त्यावर चुकूनही पाय ठेवू नका, माणूस थेट खाली येतो. बदली पॉलिकार्बोनेटचा (मजबूत प्लॅस्टिकचा) घेतलात, तर यूव्ही थराची, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या लेपाची बाजू वर ठेवा.