सीट, रुमाल आणि गोळ्या: औषध घेताना या चुका टाळा

आमचं मेडिकल दादर पश्चिमेला. संध्याकाळी लोकलमधून उतरलेली गर्दी काउंटरशी आली की हमखास कुणीतरी म्हणतं, "दादा, हेच द्या, पण जरा स्ट्राँग." औषध शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे मात्र कुणी विचारत नाही. चुका सगळ्या तिथल्याच.

बरीचशी औषधं पेशींवरच्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनांवर बसतात. पुस्तकात कुलूप-किल्लीची उपमा असते. मला लोकलची सीट जास्त पटते. प्रवासी बसला की काम सुरू, हा अ‍ॅगोनिस्ट. कुणी नुसता रुमाल टाकून ठेवला तर जागा अडते, पण बसलेलं कुणीच नसतं, हा अँटॅगोनिस्ट. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल प्रवासी, बीपीची लोसार्टन रुमाल. शिवाय कुलूप कधी वाढत नाही. रिसेप्टर वाढतात आणि घटतातही.

मिलिग्रॅमवरून ताकद ठरवणं. "मागच्या वेळी 10 ची दिली होती, ही 5 ची हलकी असणार, दोन घेतो." अ‍ॅलर्जीच्या सेटिरिझिनमध्ये आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन रेणू असतात, काम मुख्यतः एकच करतो. तो वेगळा काढला की लिव्होसेटिरिझिन. म्हणून तिची 5 ची गोळी जुन्या 10 च्या तोडीची. दोन घेतल्यात तर ऑफिसात पेंगाल, एवढंच. आणि अंगावर पित्त उठून ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर गोळ्या मोजत बसू नका. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. थेट हॉस्पिटल गाठा.

नाकाचे थेंब महिनोन्‌महिने घालणं. यात मी स्वतः अडकलो होतो, फार्मसीची पदवी भिंतीवर लटकलेली असताना. झायलोमेटाझोलीन नाकातल्या रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर बसतं, वाहिन्या आकसतात, नाक दोन मिनिटांत मोकळं. पण रोज तेच प्रवासी येत राहिले की पेशी सीटच काढून टाकू लागते. मग त्याच थेंबांचा असर कमी पडतो आणि तो उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. आपल्याला वाटतं सर्दी हटत नाहीये. खरं तर आता थेंबच नाक चोंदवत असतात. तीन ते पाच दिवस, त्यापुढे नको. अडकलाच असाल तर आधी एका नाकपुडीचे बंद करा, ती सुधारली की दुसरीचे. माझी उजवी नाकपुडी आठवडाभर ठार बंद होती. उशाला जास्तीची उशी लावून झोपायचो.

धडधड थांबली म्हणून गोळी बंद करणं. एक मावशी सांगत होत्या, "बरं वाटलं, सोडून दिली परवापासून. आता छातीत नुसतं धाडधाड होतंय." गोळी मेटोप्रोलॉलची, म्हणजे बीटा ब्लॉकर, बीटा नावाच्या रिसेप्टरवरचा रुमाल. इथे उलटा खेळ. हृदयातल्या सीटवर महिनोन्‌महिने रुमाल पडलेले दिसले की शरीर जास्तीच्या सीट जोडतं, बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची करावी तशी. एके दिवशी तुम्ही सगळे रुमाल एकदम उचलता. अंगातलं अ‍ॅड्रेनालिन पंधराही डबे भरून टाकतं. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, त्यांना यातून अटॅकही येऊ शकतो. ही गोळी डॉक्टरांना विचारून आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवायची असते.

शेजारणीच्या अर्धशिशीच्या गोळ्या घेणं. चाळीत हा व्यवहार साखरेच्या वाटीसारखा चालतो. अर्धशिशीवर बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल देतात. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं, औषध उत्तमच आहे. पण त्याचा रुमाल हृदयातल्या बीटा-1 वर पडतो तसाच फुप्फुसातल्या बीटा-2 वरही. दमेकऱ्याने ते घेतलं तर श्वासनळ्या आवळतात, आणि पंप मारावा तर साल्ब्युटामॉलला बसायला जागा नाही. दमा असेल तर कुठल्याही नव्या डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा.

पित्ताच्या पँटोप्राझोलला हे सीटचं गणित लावू नका. ती आम्ल बनवणारा पंपच बंद करते आणि तो जेवताना जोरात चालू होतो, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. जेवून घेतली तर असर कमी पडू शकतो.

"कालपासून बंद आहे" म्हणजे असर गेला, असं धरणं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांच्या, रिसेप्टरला कायमचं चिकटतं. हा रुमाल नाही, सीटला ठोकलेली फळी आहे. ती प्लेटलेट संपून नवी येईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. गेल्या महिन्यात स्टेंट घातलेले एक काका आले. दुसऱ्या दिवशी दाढ काढायची म्हणून आदल्या रात्रीची गोळी त्यांनी मनानेच चुकवली होती. एका रात्रीत रक्तस्रावाचा धोका कमी होत नाही. उलट मनाने बंद करत गेलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दाढेसाठी ती बहुतेकदा थांबवावीही लागत नाही. काकांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना काउंटरवरूनच फोन लावून दिला.