न्यूरोसर्जरीच्या निवासी डॉक्टराने संशोधनाची सुरुवात कोठून करावी

ग्वाल्हेरच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी न्यूरोसर्जरीचे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरास पहिले काही महिने भिंड, मुरैना, शिवपुरीकडून येणाऱ्या डोक्याच्या दुखापतींतून मान वर काढायला सवड मिळत नाही, आणि संशोधनाचे ‘पुढे बघू’ म्हणत राहून जाते. माझ्या मते चूक इथेच होते, कारण पुढे लागणारी माहिती एक तर त्याच रात्री केसपेपरवर उतरते, नाही तर कायमची हातची जाते.

विषय ठरवण्यापूर्वी ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) रजिस्टर उघडावे आणि मागील दोन वर्षांत कोणत्या शस्त्रक्रिया किती झाल्या ते स्वतः मोजावे. समजा, जुन्या सबड्युरल रक्तस्रावासाठी, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेल्या जुन्या रक्तासाठी, बर होल (कवटीला छोटे छिद्र पाडून ते रक्त काढणे) वर्षाला चाळीस होतात. या आजारात शस्त्रक्रियेनंतर ड्रेन (उरलेले रक्त बाहेर काढणारी नळी) ठेवावा की नाही, हा प्रश्न केंब्रिजच्या २००९ मधील चाचणीने बहुतांशी निकालात काढला आहे: २१५ रुग्णांपैकी ज्यांना ड्रेन ठेवला त्यांत पुन्हा शस्त्रक्रिया ९.३ टक्क्यांना लागली, न ठेवलेल्यांत २४ टक्क्यांना. एवढा ठळक फरक दाखवायलाही दोनशेच्या वर रुग्ण लागले, हे ध्यानात घेतले तर दोन वर्षांत ऐंशी रुग्णांवर दोन पद्धतींमधील बारीक फरक सिद्ध करण्याचा हट्ट आपण धरू नये. त्यापेक्षा आपल्याकडचे रुग्ण किती उशिरा येतात, रक्त पातळ करणारी औषधे किती जण घेतात आणि सहा महिन्यांनी त्यांची स्थिती काय असते, याचे प्रामाणिक निरीक्षण अधिक उपयोगी ठरते.

नैतिक समितीची मंजुरी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच हवी. ती मागाहून मिळत नाही. उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल, तर सीटीआरआयमध्ये (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणीही आधीच करावी. बेशुद्ध रुग्णासाठी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी आणि तो शुद्धीवर आला की त्याची स्वतःची.

खरी मेहनत नोंदीत आहे. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे डोळे उघडणे (ई), बोलणे (व्ही) आणि हालचाल (एम) यांना गुण देऊन मोजणाऱ्या, १९७४ पासून वापरात असलेल्या ग्लासगो कोमा स्केलची नुसती बेरीज कधीही लिहू नये. ई४-व्ही१-एम४ आणि ई२-व्ही२-एम५ या दोन्हींची बेरीज ९ असली, तरी ते दोन अगदी वेगळे रुग्ण आहेत. तपासणीची वेळ, बाहुल्यांचा आकार आणि गुंगीचे औषध आधी दिले होते का, हेही शेजारीच लिहावे. श्वासासाठी नळी घातलेली असेल, तर व्हीच्या जागी १ न लिहिता ‘टी’ लिहावे.

आणि भाषा विचारावी. आमच्या वेळी एका विभागात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले एक मराठी आजोबा दाखल होते. स्थळ, नाव त्यांनी बरोबर सांगितले, पण महिना विचारल्यावर ‘आषाढ’ म्हणाले. बाहेर सावन सुरू झालेला, म्हणून रात्रीच्या सहकाऱ्याने ‘गोंधळलेला’ ठरवून व्ही४ लिहिले. सकाळी मी विचारले, ‘‘आजोबा, आषाढ कसा?’’ तर म्हणाले, ‘‘अहो, अमावास्या झाल्याशिवाय श्रावण कसा लागेल?’’ उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आजोबा पूर्ण व्ही५, म्हणजे बोलण्यात अजिबात गोंधळ नसलेले, होते. असे चार रुग्ण एका तक्त्यात गेले, की निष्कर्षच वाकडा होतो.

शेवटी पाठपुरावा. दुखापतीच्या रुग्णाबरोबर आलेला माणूस पुष्कळदा गावचा शेजारी किंवा गाडीचा चालक असतो, आणि केसपेपरवर त्याचाच नंबर राहतो. माझ्या स्वतःच्या अभ्यासातले कित्येक रुग्ण याच कारणाने सहा महिन्यांनी सापडले नाहीत. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी घरातल्या दोन माणसांचे नंबर घ्यावेत, वॉर्डातूनच एकदा फोन लावून ते खरे असल्याची खात्री करावी आणि कोणाला कोणत्या तारखेस फोन करायचा, ते रुग्ण घरी जाण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे.