पोर्सिलेनची भांडी प्रदर्शनात मांडताय? आधी पायाला अल्युमिना

मागच्या प्रदर्शनाच्या भट्टीत बाकी सगळं केलं होतं, फक्त भांड्यांच्या पायाला अल्युमिना (भट्टीच्या उष्णतेत न वितळणारी पांढरी पावडर) लावायचं राहून गेलं. भट्टी उघडली तेव्हा वरून सगळी भांडी एकदम सुरेख, आणि उचलायला गेले तर भट्टीतली फळी सोडेनात. जी सुटली त्यांच्या पायाचे टवके फळीवरच राहिले. म्हणून ही यादी, माझ्यासाठी आणि पानं, शेंगा, शिंपले बघून हाताने पोर्सिलेन करणाऱ्या, पहिल्यांदाच मांडायला निघालेल्या प्रत्येकासाठी. एक गोष्ट यात पुनःपुन्हा येईल, ती मुद्दाम आहे.

सुरुवात तारखेपासून उलटं मोजून करा. मांडणीचा दिवस, त्याआधी घासणं आणि फोटो, त्याआधी ग्लेझची (काचेसारख्या लेपाची) भट्टी, त्याआधी बिस्क (लेपाआधीची पहिली भाजणी), त्याआधी वाळवण, आणि या सगळ्यात एक अख्खी भट्टी फुकट जाईल असं धरूनच वेळ ठेवा. वाळवणीत घाई करून दिवस वाचवता येतील असं ज्यांना वाटतं त्यांनी पोर्सिलेनच्या नादी लागू नये. मांडायची आहेत त्यापेक्षा बरीच जास्त भांडी करा, तडे जातात, वाकतात, आणि काही नुसतीच जमत नाहीत.

मग टेबल रिकामं करा आणि स्टोनवेअरची (लोखंड असलेली, गडद) माती ज्या ज्या गोष्टीला लागलीय ते सगळं बाजूला काढा. स्पंज, कापड, बॅट (चाकावर बसवायची चकती), बादली, तार, सगळं वेगळं हवं. लोखंडाचा एखादा कण किंवा लाल मातीची किंचित चिकटलेली पापडी कच्च्या भांड्यावर दिसतही नाही, भाजल्यावर मात्र पांढऱ्यावर तपकिरी ठिपका होऊन बसते आणि तिथे काहीच करता येत नाही. गंजलेली हत्यारं तर घेऊच नका.

निसर्गातनं काय उचलायचं ते आधी ठरवा आणि एकच काहीतरी ठरवा. सगळ्या भांड्यांवर पानं छापली की झालं असं होत नाही. वाळलेली शेंग हातात घेऊन बघा, तडकल्यावर तिच्या दोन फाका एकमेकींच्या उलट दिशेने पीळ घेतात, आतली बाजू गुळगुळीत, कडेला शिवणीसारखी रेघ, आणि बी जिथे बसलं होतं तिथे उथळ खळगा. यातली नुसती ती कड जरी वाडग्याच्या ओठाला नीट आली तरी बास, पूर्ण शेंग करायची गरज नाही. पान छापायचं असेल तर ताजं घ्या आणि मागची बाजू मातीवर ठेवा, शिरा तिथे उठून असतात. वाळकं पान चुरतं आणि तुकडे मातीत अडकतात. शिंपल्याचा ठसा घ्या, पण शिंपल्याचा तुकडा मातीत ठेवून भाजू नका. भट्टीत त्याचा चुना होतो, नंतर तो हवेतलं पाणी ओढून फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो, कधीकधी कितीतरी दिवसांनी, म्हणजे ते विकत घेणाऱ्याच्या घरी. साच्यातले प्लास्टरचे तुकडे मातीत गेले तरी हीच गत.

आकुंचन मोजा. पुस्तकातला आकडा घेऊ नका, तुमच्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटीमीटरची रेघ मारा, तुमच्याच भट्टीत भाजा आणि परत मोजा. पोर्सिलेन बहुतेक वेळा 12 ते 16 टक्के आटतं. समजा 14 टक्के आलं आणि तुम्हाला भाजून 10 सेंटीमीटरचं तोंड हवंय, तर 10 भागिले 0.86, म्हणजे साधारण 11.6 सेंटीमीटरचं करा. 14 टक्के वाढवून 11.4 करतात बरेच जण आणि मग झाकणं बसत नाहीत.

चाकावर तळ दाबून घ्या, नाहीतर मधोमध इंग्रजी एस सारखा तडा येतो आणि तो बरेचदा शेवटच्या भट्टीनंतरच दिसतो. ओलं भांडं हाताने वाकडं झालं आणि तुम्ही परत गोल केलंत तरी माती ते विसरत नाही, भट्टीत परत तशीच वाकते. त्यामुळे बॅटसकट उचला. उजेड आरपार दिसायला हवा असेल तर भिंत दोनेक मिलीमीटरवर आणावी लागते, तेवढं पातळ चाकावर ओढण्याचा हट्ट नको, लेदर हार्ड (अर्धवट सुकून चामड्याइतकं घट्ट) झाल्यावर ट्रिमिंगमध्ये (कोरून) काढा. ओठ आधी सुकतो, त्यावर प्लास्टिक टाका. ओलं हँडल सुक्या भांड्याला लावू नका, हे माहीत असतंच.

आता पाया, इथे लक्ष द्या. ट्रिमिंग करताना पायाची कड थोडी गोल करा, धारदार कड सगळ्यात आधी टवकते. पसरट वाडग्याचा पाया फार लहान ठेवलात तर जास्त उष्णतेत भिंत बाहेरच्या बाजूला झुकते, फार मोठा ठेवलात तर मधला तळ खाली बसून फळीला टेकतो. आणि टेकला की चिकटला, कारण तिथे तुम्ही अल्युमिना लावलेलं नसणार.

बिस्क 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास. सुरुवातीला 100 अंशापर्यंत अगदी सावकाश, पाणी निघून जाऊ द्या. 573 अंशाला क्वार्ट्झचं आकारमान बदलतं, तिथून जाता येता घाई नको. बिस्क भांडी खडबडीत असतील तर ओल्या पॅडने घासा, कोरडं घासू नका आणि मास्क लावा, यातल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं जातात आणि ती परत येत नाहीत. टेबलसुद्धा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता अल्युमिना. बिस्कनंतर, ग्लेझच्या आधी, प्रत्येक भांड्याच्या पायाला. प्रत्येक. पोर्सिलेनमध्ये केओलिन (पांढरी माती), क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं, आणि 1250 ते 1300 अंशाला फेल्डस्पार वितळून मातीच्या आतच काच तयार होते. म्हणजे पायाला ग्लेझचा थेंबही नसला तरी ती मातीच चिकट झालेली असते. ती फळीला धरते, आणि भांडं आटताना, थंड होताना, पायाच्या कडेचे बारीक बारीक लचके फळीवर सोडून येते. स्टोनवेअर करणाऱ्याला हा अनुभव क्वचितच येतो म्हणून हात त्या सवयीचा नसतो, माझाही नव्हता. अल्युमिना 2000 अंशांच्याही वर वितळतं, ते या भानगडीत पडत नाही, मधे नुसतं कोरडं बसून राहतं. करायचं एवढंच की वॅक्स इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळलेल्या मेणात) अल्युमिना हायड्रेटची पावडर ढवळा आणि ब्रशने पायाला लावा. त्यात खायच्या रंगाचे दोन थेंब टाका. रंग जळून जातो पण लावलंय की राहिलंय ते लांबून दिसतं, आणि राहतंच, कारण वॅक्स पारदर्शक असतं आणि रात्री थकलेले डोळे काहीही मान्य करतात. ढवळत राहा, पावडर तळाला बसते आणि वरचं नुसतं वॅक्स लावलं जातं. भांडं झाकणासकट भाजत असाल तर झाकण जिथे टेकतं त्या दोन्ही कडांनाही अल्युमिना. फळीला वॉश (चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) लावलाय म्हणून पाया सोडू नका, वॉशमध्ये सिलिका असेल तर या तापमानाला तोच चिकटतो. फळीला अल्युमिना आणि केओलिनचा वॉश लावा, आणि पायाला तरीही लावा.

ग्लेझची चाचणी सपाट चकतीवर घेऊ नका. ज्या पानाचा ठसा घेताय त्याच ठशावर घ्या. सेलाडॉन (निळसर हिरवं ग्लेझ) खोलगट भागात साचून गडद होतं आणि उंचवट्यावरून पातळ होतं, शिरा त्यामुळेच दिसतात. जाड अपारदर्शक ग्लेझ घातलंत तर तो सगळा ठसा बुजला. आणि सेलाडॉनचा तो निळसर हिरवा रंग एखाद-दोन टक्के लोखंडातनं रिडक्शनमध्ये (भट्टीत हवा कमी ठेवून) येतो, इलेक्ट्रिक भट्टीत साध्या ऑक्सिडेशनला (भरपूर हवेत) तीच रेसिपी पिवळट निघते, त्यामुळे कुठली भट्टी आहे ते आधी बघा. पातळ भिंत पाणी लगेच पिऊन तुडुंब होते, मग ग्लेझ धरत नाही. आतून घाला, पूर्ण सुकू द्या, मग बाहेरून. बाहेरची बाजू बिनग्लेझची ठेवून नुसती घासली तर हाताला फार छान लागते, मला तरी शेंगांच्या भांड्यांना तेच योग्य वाटतं.

भट्टी भरताना प्रत्येक भांडं उलटं करा आणि तळ बघा. रंग दिसतोय? मग ठेवा. नाही दिसत? ठेवू नका, परत लावा. तळावर ग्लेझचा ओघळ असेल तर पुसा, पण पुसताना अल्युमिनाही निघतं, म्हणजे परत लावा. दुसऱ्या कोणाला भट्टी भरायला देत असाल तर त्यालाही हेच सांगा आणि सांगून सोडू नका, उभे राहा. फळी सपाट हवी, पोर्सिलेन मऊ झालं की फळीचा बाक घेतं. पसरट भांड्याखाली त्याच मातीची चकती ठेवा, ती भांड्याबरोबर आटते त्यामुळे पाया घासटत नाही, आणि चकती व पाया यांच्या मधेही अल्युमिना लागतंच. वाकण्याचा हा त्रास जुना आहे. सोंग काळात (960–1279) चीनमधले डिंग भांडी करणारे कुंभार वाडगे ओठावर उलटे ठेवून भाजायचे, ओठ त्यामुळे बिनग्लेझचा राहायचा आणि मग त्याला तांब्याची किंवा चांदीची पट्टी बसवायचे. तुम्हाला ओठ मोकळा हवाय म्हणजे भार पायावर, म्हणजे परत अल्युमिना. साक्षीदार कोन (ठराविक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके) ठेवा, नुसत्या मीटरवर जाऊ नका. आणि भट्टी गार होऊ द्या. 200 अंशांच्या वर झाकण उचलून डोकावणं बंद.

बाहेर काढल्यावर पायावरून बोट फिरवा. डायमंड पॅडने पाण्याखाली घासा, आधी 200 ग्रिटच्या (जाड दाण्याच्या), मग 400 च्या. पाया खरखरीत राहिला तर ज्याच्यावर ठेवाल त्याला ओरखडे पडतात. सपाट काचेवर ठेवून डुगडुगतंय का बघा. पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा, सकाळी कागद ओला असेल तर ते फुलदाणी म्हणून विकू नका. उजेडासमोर धरून बघा, बारीक तडे तेव्हा दिसतात. फोटो न्यायच्या आधीच काढा.

मांडणी. उजेड बाजूने हवा, डोक्यावरच्या सरळ दिव्यात ठसे सपाट दिसतात. आरपार दिसणारी भांडी मागून किंवा बाजूने उजेड येईल अशी, आणि ती वेगळी ठेवा, सगळ्यांना तसा दिवा नको. गर्दी करू नका, अर्धी भांडी खोक्यातच राहिली तरी चालतील. म्युझियम वॅक्सचे (भांडं जागेवर धरून ठेवणाऱ्या मेणाचे) छोटे ठिपके, आधी एका बिनग्लेझ पायावर डाग पडतो का ते बघून. उचलायचं दोन्ही हातांनी, पोटाखालून, ओठाला धरून नाही, हे तिथल्या माणसांना सांगून ठेवा.

नावं, मापं, किमती, एक यादी तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे, दोन्हीवर सह्या. वाटेत आणि तिथे फुटलं तर कोण भरणार ते लेखी. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, बिनग्लेझ पांढऱ्यावर शाई उतरते, साधा पांढरा टिश्यू घ्या. खोक्यात खोकं, मधे भर, हलवून आवाज आला तर परत उघडा. खोक्यांवर नंबर. रिकामी खोकी तिथे कुठे राहणार ते विचारा आणि फेकू देऊ नका, न विकलेली भांडी त्यातच परत यायची आहेत. सुटे डायमंड पॅड, वॅक्स, फडकं, पेन्सिल, टेप बरोबर.