गो-टू दुर्बीण भलतीकडेच वळते? या चुका टाळा

गो-टू दुर्बीण म्हणजे निवडलेल्या वस्तूकडे मोटरने आपोआप वळणारी दुर्बीण. तिच्या हँडसेटवर (बटणांच्या रिमोटवर) 'शनी' निवडला, मोटर घरघरली, दुर्बीण थांबली आणि आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) नुसता काळोख. संशय लगेच मोटरवर जातो, पण मोटरचा दोष क्वचितच निघतो. दुर्बिणीला स्वतःला आकाश दिसत नाही. सुरुवातीला तुम्ही जी जागा सांगितली, तिथून ती मोटरचे फेरे मोजत जाते. म्हणून सगळं रीसेट करण्याआधी नेम किती अंशांनी आणि कुठल्या बाजूला चुकलाय ते बघा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. एवढं माप पुरतं.

दीड मूठ चुकली, तर घड्याळ तपासा

आकाश तासाला १५ अंश सरकतं. पहिला तारा शोधतानाच दुर्बीण तेवढी बाजूला जात असेल, तर 'डेलाइट सेव्हिंग' (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची सेटिंग) चुकीचं लागलं असण्याची शक्यता मोठी. टाइम झोन अर्ध्या तासाने चुकला, तर साडेसात अंश. तारीख तर हमखास फसवते, कारण बरेच हँडसेट आधी महिना आणि मग दिवस मागतात. ५ जुलैसाठी ०५/०७ भरलं, की दुर्बीण ७ मेचं आकाश धरून चालते आणि फरक पडतो सुमारे ५८ अंशांचा. रेखांश पूर्व की पश्चिम हेही बघा. फोन दशांशात आकडा देतो, हँडसेट बहुधा अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) मागतो. अर्धा अंश म्हणजे ३० कला, ५० नाही.

एक खूण लक्षात ठेवा. दोन ताऱ्यांवर अलाइनमेंट केल्यावर (म्हणजे ओळखीचे तारे मध्यावर आणून दुर्बिणीला आकाशाची दिशा सांगितल्यावर) तारे बरोबर मिळतात, पण चंद्र आणि ग्रह निसटतात? मग तारीख किंवा वेळच चुकलेली आहे. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. एका तासाची चूक त्याला मध्यापासून पूर्ण बाजूला ढकलते, ताऱ्यांवर मात्र तिचा परिणाम दिसत नाही.

तारा भलताच, किंवा नीट मध्यावर नाही

कॅस्टर आणि पोलक्स एकमेकांपासून साडेचार अंशांवर आहेत. पोलक्स किंचित नारिंगी, कॅस्टर पांढरा. इथे गफलत झाली की सगळं आकाश तेवढं सरकतं. दोन तारे एकमेकांपासून लांब घ्या, उदाहरणार्थ स्वाती आणि अभिजित. क्षितिजालगतचा तारा नको, कारण वातावरणामुळे तो आहे त्यापेक्षा वर दिसतो, अगदी क्षितिजावर तर अर्ध्या अंशाने. अगदी डोक्यावरचाही नको.

तारा आधी २५ मिमीच्या आयपीसने मध्यावर आणा, मग जास्त मोठं दाखवणाऱ्या १० मिमीने. ठिपका मध्यावर आहे की नाही हे नजरेला नीट कळत नाही, म्हणून तो मुद्दाम आउट ऑफ फोकस करा. मोठी गोल चकती झाली, की तिच्या कडेपासून दृश्याच्या कडेपर्यंतची जागा चहूबाजूंनी सारखी आहे का ते लगेच दिसतं. शेवटची सरकवासरकव एकाच दिशेने करा. पुष्कळ हँडसेटसाठी ती 'वर' आणि 'उजवी' या बटणांनी करायची असते. उलटसुलट बटणं दाबली की गिअरमधली ढील मोजणीत शिरते. अलाइनमेंटनंतर क्लच (अक्षाची पकड) सैल करून नळी हाताने फिरवणं म्हणजे केलेलं सगळं पुसून टाकणं (दोन्ही अक्षांवर वेगळे एन्कोडर (अक्ष किती फिरला ते मोजणारे सेन्सर) असलेली मॉडेल्स सोडून).

फाइंडर जवळच्या भिंतीवर जुळवला

फाइंडर (नेम धरायची नळीवरची छोटी दुर्बीण) नळीच्या अक्षापासून १० सेंमी दूर असेल आणि तुम्ही तो २० मीटरवरच्या भिंतीवर जुळवला, तर ताऱ्यांवर पाव अंशाहून जास्त चूक येते. ५०० मीटरवरचा टॉवर घ्या, मग ती नगण्य होते. हे काम दिवसा करा, पण सूर्याच्या विरुद्ध बाजूला. नळीच्या तोंडावर बसणारा सौर फिल्टर नसेल, तर दिवसा गो-टू वापरूच नका. आपोआप वळताना नळी सूर्यावरून जाऊ शकते आणि एका क्षणात डोळा कायमचा जातो. फाइंडरलाही झाकण लावा.

जमिनीवरची वस्तू सरकते

झाडाचा शेंडा पकडला आणि दोनेक मिनिटांत तो दृश्याबाहेर गेला, तर ट्रॅकिंग (ताऱ्यांमागे आपोआप सरकत राहणं) चालू राहिलंय. ते बंद करा. दुसरी चूक साठवण्यातली. काही हँडसेटमध्ये आकाशातल्या आणि जमिनीवरच्या वस्तूंसाठी साठवण्याचे दोन वेगळे पर्याय असतात. टॉवर आकाशाच्या यादीत टाकलात, तर त्याची जागा ताऱ्यांबरोबर फिरते आणि तासाभराने दुर्बीण त्याला १५ अंशांपर्यंत चुकते. जमिनीच्या यादीत दिगंश (क्षितिजावरची दिशा) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) साठतात, पण ते ट्रायपॉड जागचा हलेपर्यंतच खरे. तिन्ही पायांभोवती खडूने खुणा करा, पाणसळीने पातळी बघा आणि दर वेळी नळी आडवी करून त्याच दिशेला रोखूनच सुरू करा. पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात ती डायगोनलच्या (आयपीसआधी प्रकाश वळवणाऱ्या जोडाच्या) आरशामुळे. त्याजागी प्रतिमा सुलटी दाखवणारा इरेक्ट इमेज प्रिझम लावा.

मधेच हँडसेट बंद पडतो

लांबच्या वळणाला मोटर जास्त करंट ओढते. सेल उतरलेले असले की व्होल्टेज पडतं, हँडसेट पुन्हा सुरू होतो आणि अलाइनमेंट जातं. सेलऐवजी पुस्तिकेत सांगितलेला सप्लाय, बहुधा १२ व्होल्टचा, वापरा; प्लगची धन-ऋण बाजू आधी पडताळा.

नेम बरोबर, तरी काही दिसत नाही

एखादी अंधुक दीर्घिका निवडल्यावर काहीच दिसलं नाही, तर आधी शेजारच्या ठळक ताऱ्यावर जा. तो मध्यावर आला, तर दुर्बीण बरोबर आहे. पुन्हा दीर्घिकेकडे वळा, २५ मिमीचा आयपीस लावा, वीसेक मिनिटं उजेडाकडे पाहू नका आणि नजर थोडी बाजूला ठेवा. काळोखात राखाडी धुरकट डाग उमटतो, तीच ती दीर्घिका.